गाडी गार हवी

माझ्या नणंदेनं माझे पैसे बुडवले असं आमच्या नात्यात अजून बोललं जातं. बोलू देत. ज्यांनी जन्मात स्वतःच्या नावावर सायकल घेतली नाही, ते आता मला गुंतवणूक शिकवतात. काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याच तोंडून झालं. एकदा खोटं बोलले, एकदा खरं बोलले, आणि मध्ये फार तर पाऊण तास गेला असेल. पण सुरुवात ताईंपासून करायला हवी, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एकसष्ट. धंदा काय, तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स गाड्या तपासायच्या आणि आज त्यांची किंमत काय, उद्या काय होईल, ते लिहून द्यायचं. असं काम करणारा माणूस सुटाबुटातला असेल असं लोकांना वाटतं. ताई निळा कामाचा डगला घालतात. एका खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र, दुसऱ्यात मास्किंग टेपचं रीळ, तिसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. स्वतःची गाडी नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसून येतात आणि वाटेत मला गाडी चालवायला शिकवतात.

त्यांची एक सवय सगळ्या बाजाराला माहीत आहे. कोणाच्याही दारी गेल्या की नमस्कार-चमत्कार नंतर. आधी सरळ गाडीकडे जायचं आणि बॉनेटवर तळहात ठेवायचा. गार लागलं तर "नमस्कार, कसे आहात?" गरम लागलं तर आल्या पावली परत. इंजिनाला जो काही आजार असेल तो गार असताना पहिल्या दहा सेकंदांत बाहेर पडतो. साखळी खडखडते, धूर येतो, तेल वर चढायला वेळ लागतो. एकदा तापलं की तेच इंजिन पाहुणे आल्यावर गप्प बसणाऱ्या पोरासारखं बसतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो आधीच गाडी तापवून ठेवतो. एक वकील म्हणाला होता, "अहो, आत्ताच दूध आणायला गेलो होतो." ताई म्हणाल्या, "मग दूध दाखवा." दूध नव्हतं. आम्ही परत.

ही नजर त्यांना कुठून आली? चोरांच्या घरातून, असं त्या स्वतःच सांगतात. माझ्या सासऱ्यांचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. ठोकलेली गाडी आत यायची आणि नवी कोरी होऊन बाहेर पडायची. ताईंनी सोळाव्या वर्षी रंगाची बंदूक हातात धरली. पंधरा वर्षं पोचे बुजवले, गंज झाकला, तुटक्या गाड्यांना अखंड करून पाठवलं. त्यांच्याइतका सफाईदार हात गावात दुसरा नव्हता. आणि गॅरेजवर बोर्ड काय, तर सासऱ्यांचं नाव आणि पुढे 'आणि चिरंजीव'. चिरंजीव म्हणजे आमचा नवरा. थिनरचा वास आला की त्याला शिंका सुरू होतात. तो पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे, आणि तिथे फार सुखी आहे.

एकदा ताईंनी वडिलांना विचारलं, "बोर्डावर माझं का नाही?" सासरे म्हणाले, "बोर्ड पुन्हा रंगवायचा म्हणजे खर्च आहे." हे कोणाला सांगतायत, तर दिवसाला दोन गाड्या रंगवणाऱ्या बाईला. ताईंनी शिडी लावली, 'चिरंजीव' खरवडून काढलं आणि तिथे 'कन्या' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ते पुसून घेतलं. ताईंनी त्याच दुपारी बंदूक धुतली, जागेवर ठेवली आणि गॅरेज सोडलं. मग ज्यांना गाडी विकत घ्यायची आहे त्यांच्याबरोबर जायला लागल्या. "पंधरा वर्षं पगार घेऊन झाकलं," त्या म्हणतात, "आता फी घेऊन उघडं पाडते." बाप आणि ताई पुढे सहा वर्षं बोलत नव्हते.

ताईंच्या बैठकीच्या खोलीत एकही प्रमाणपत्र नाही. भिंतीवर एकच चौकट आहे, आणि तिच्यात त्यांची स्वतःची चूक आहे. बावीस वर्षांपूर्वी एका संगीत शिक्षकांची पिवळी गाडी त्यांनी तपासली होती. सगळीकडे रंगाची जाडी एकशे दहा मायक्रॉनच्या आसपास आणि डाव्या दरवाजावर दोनशे चाळीस. ताईंनी लिहिलं, 'दरवाजा पुन्हा रंगवलेला, अपघाताची शक्यता.' शिक्षकांना गाडी पाऊण किमतीत द्यावी लागली. घेणाऱ्या व्यापाऱ्यानं दरवाजाचं आतलं अस्तर काढलं तर आत कारखान्याचाच शिक्का. गाडी बाहेर पडण्याआधी रंगावर धूळ बसली म्हणून कारखान्यानंच तो दरवाजा दुसऱ्यांदा रंगवला होता. गाडी अगदी निखळ होती. व्यापाऱ्यानं ती पूर्ण भावात विकली आणि ताईंना पेढे पाठवल्यासारखी आभाराची चिठ्ठी पाठवली. ताई त्या शिक्षकांच्या घरी गेल्या, सगळं सांगितलं, मिळालेली फी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तोंडावर दार लावलं. ताईंनी तो अहवाल चौकटीत घातला आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'चूक माझी.' खाली सही.

ते वाचून काही गिऱ्हाइकं उठून जातात. मी एकदा म्हटलं, "ताई, निदान आतल्या खोलीत तरी लावा." तर म्हणाल्या, "माझी चूक बघून जो पळतो, तो स्वतःची नक्की लपवत असतो. बरंय, परस्पर गेला."

मी त्यांच्याबरोबर कशी आले? मी सीटचं शिवणकाम करते. चामडं मूळचं आहे की नंतर रंग दिलेलं, टाका कारखान्याचा आहे की उसवून परत घातलेला, ते मला बोटानं कळतं. आधी ताई मला कधीतरी बोलवायच्या, मग रोजच बोलवायला लागल्या. मला त्या 'सुई' म्हणतात. शिवते म्हणून नाही, बोलताना टोचते म्हणून.

तर बाजार. गेल्या आठ-दहा वर्षांत ह्या गाड्या अशा काही वर गेल्या की लोकांना वेड लागायची पाळी आली. हातानं गिअर टाकायची गाडी असेल, थोड्याच बनलेल्या असतील, टर्बो नसलेलं शेवटचं इंजिन असेल, दोन्ही किल्ल्या आणि कागद जागेवर असतील, तर नवी होती त्याच्या दुप्पट भाव. आणि किलोमीटर कमी असले तर विचारूच नका. पूर्वी लोक विचारायचे, चालते कशी? आता विचारतात, चाललीच नाही ना? ताईंना ह्याची भयंकर चीड. "उभी गाडी मरते," त्या म्हणतात. "रबर वाळतं, तेल खाली बसतं, पेट्रोलची चिकट राळ होते. माणसाला तीन वर्षं खाटेवर निजवा आणि मग म्हणा, बघा, चपला किती नव्या आहेत."

भावाबद्दल त्यांचं मत असं की भाव गाडीचा चढत नाही, पन्नाशीतल्या पुरुषाचा चढतो. पंधराव्या वर्षी ज्या गाडीचं चित्र भिंतीवर लावलं, ती गाडी पन्नाशीत हातात पैसे आले की हवीशी वाटते. "चित्र लावणारी ही पिढी म्हातारी झाली की ह्यातल्या अर्ध्या गाड्या खाली येणार," असं त्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी लिहितात. व्यापाऱ्यांना ते वाक्य नको असतं. जो ते वाक्य काढा म्हणतो, त्याच्या अहवालात त्या ते दोनदा लिहितात.

आता गुपित. हे तेव्हा आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ताईंच्या तळहातांतली जाण गेली. तरुणपणी उघड्या हातांनी थिनर वापरलं, त्याचं हे व्याज, डॉक्टर म्हणाले. कप धरलाय की सुटलाय हे त्यांना बघितल्याशिवाय कळत नाही. मी तापमान मोजायची बंदूक आणून दिली. ताई म्हणाल्या, "ती पत्र्याचं सांगते. ऊब उन्हाची आहे की पोटातून आलीय, ते हाताला कळतं." ती बंदूक आम्ही चहासाठी वापरतो. बॉनेटवर मात्र माझा हात गेला. ताई डगल्यातून यंत्र काढायचं नाटक करायच्या, तेवढ्यात मी तळहात टेकवायचा, आणि त्या विचारायच्या, "काय गं?" मी म्हणायचं, "गार." किंवा, "गरम." तीन वर्षं त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. एकदाही "नक्की ना?" असं विचारलं नाही.

आणि ह्याच तीन वर्षांतलं माझं गुपित, जे ताईंनाही माहीत नव्हतं.

मला माझी स्वतःची खोली हवी होती. घराच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारी, वरून उजेड येणारी. दोन मोठी मशीनं, कापायला लांब टेबल आणि दारावर माझं नाव. आठ वर्षं सीटा शिवून दोन लाख चाळीस हजार जमवले होते. लागणार होते साडेतीन. तेवढ्यात एक कंपनी आली. ती गाड्या विकत घ्यायची, कोठारात ठेवायची आणि प्रत्येक गाडीचे तीनशे वाटे करून लोकांना विकायची. एक वाटा वीस हजारांचा. गाडीचा भाव वाढला की वाट्याचा भाव वाढणार. मी एका गडद हिरव्या गाडीचे बारा वाटे घेतले. छापील कागद मिळाला, वर गाडीचा फोटो. तीनशेतले बारा म्हणजे माझ्या वाट्याला काय आलं असेल, मी हिशोब करायची. बहुधा डावा आरसा आणि थोडंसं पुढचं दार. ताईंना सांगितलं नाही, कारण त्या 'नको' म्हणाल्या असत्या. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो 'ताईंना विचारलंस का?' म्हणाला असता.

ह्या वर्षी कंपनीला बाहेरच्या माणसाचं मूल्यांकन लागलं आणि त्यांनी बोलावलं कोणाला, तर ताईंना. बाजारात ताईंचं नाव चालतं, म्हणून. करारात ताईंनी एक ओळ घालून घेतली होती: महिन्याभरात कुठल्याही दिवशी कुठलीही गाडी बघू. कंपनीनं बहुधा ती वाचली नसावी. त्या हिरव्या गाडीचा भाव साठ लाखांवरून पंच्याण्णव झाला आहे, असं कंपनीचं म्हणणं. ताईंची सही झाली की माझे बारा वाटे तीन लाख ऐंशी हजारांना परत देता येणार. खोलीवाल्यानं महिनाअखेरपर्यंत खोली धरून ठेवली होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ताकास तूर लागू दिली नाही. खोली डोळ्यांसमोर होती, बास.

ते कोठार शहराबाहेर आहे. पूर्वी तिथे बटाटे ठेवायचे. भिंती हातभर जाड, आत बारा महिने अंगावर काटा येईल असा गारवा, आणि अजून कुठेतरी बटाट्याचा वास. गाड्या ओळीनं, करड्या मऊ चादरीखाली. दारात कंपनीचा माणूस उभा होता. टायला सोन्याची पिन, म्हणून आम्ही त्याला टायपिन म्हणायचो. सकाळचे नऊ वाजले होते.

"ह्या गाडीला तीन वर्षांत कोणी हात लावलेला नाही," टायपिन म्हणाला. "मीटरवर एकशे दहा किलोमीटर. सुरूसुद्धा केलेली नाही. तेच तर तिचं मोल आहे."

चादर निघाली. माझी गाडी मी पहिल्यांदा बघत होते. सुंदर होती, उगाच खोटं कशाला बोलू. ताई डगल्यात यंत्र चाचपायला लागल्या. मी पुढे झाले आणि हात ठेवला.

गरम. इस्त्री उचलल्यावर टेबलाला राहते तेवढी ऊब, आणि ती खालून येत होती.

"काय गं?" ताईंनी विचारलं.

डोळ्यांपुढे ती खोली आली. वरून येणारा उजेड, दोन मशीनं. "गार," मी म्हणाले.

ताईंनी अहवालात लिहिलं, 'बॉनेट: गार.' मग कामाला लागल्या. यंत्र टेकवायचं, आकडा वाचायचा, मी लिहायचा. शंभर, एकशे चार, एकशे बारा. कुठे डाग नाही. मी आत बसून सीटा बघितल्या. सगळे टाके कारखान्याचे. मी स्वतःला समजावत होते की गाडी चांगलीच आहे, सकाळी जरा सुरू केली म्हणून काय बिघडलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसलं.

मग ताई म्हणाल्या, "आता सुरू करा."

मला वाटलं टायपिन अडवेल. तो हसला. "खास तुमच्यासाठी हं, ताई. तीन वर्षांत पहिल्यांदा." किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ना खडखड, ना धूर. साखरेसारखा गोड आवाज. ताई मान तिरकी करून ऐकत होत्या. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग गाडी बंद करायला सांगितली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सुई, कमाल आहे गं. तीन वर्षं उभी, आणि आवाज एवढा स्वच्छ. म्हणजे वीस वर्षं मी लोकांना चुकीचंच सांगत आले."

"असं काही नाही, ताई."

"नाही कसं? कानांनी ऐकलं ना आत्ता. उभी गाडी मरते, असं मी किती जणांना म्हणाले. किती जणांनी माझं ऐकून कमी भाव लावला असेल." त्यांनी डगल्यातून लाल पेन काढलं. ते लाल पेन त्या वर्षानुवर्षं बाळगतात आणि मी ते वापरताना कधी बघितलं नव्हतं. "लिहायला हवं. अहवालातच लिहिते. चूक माझी."

आणि त्यांनी खरंच कागद बॉनेटवर ठेवला. त्या गरम बॉनेटवर. त्यांच्या हाताला काही कळत नव्हतं.

मला रडू आलं. राग आला, स्वतःचा आला, त्या टायपिनचा आला, त्या खोलीचासुद्धा आला. मी म्हणाले, "ताई, लिहू नका. गरम होती. आपण आलो तेव्हाच गरम होती. मी खोटं बोलले."

लाल पेन तसंच राहिलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. साधं पेन घेतलं आणि 'गार' ह्या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं 'गरम' आणि कागद माझ्यापुढे धरला. "इथे सही कर." मी खोडायला पेन पुढे केलं, तर म्हणाल्या, "गिरगटायचं नाही. झाकणं रंगाऱ्याचं काम. ते मी सोडलं." मी सही केली.

टायपिन पुढे आला. "काय चाललंय? अहो, वरचे दिवे गरम असतात."

"साहेब," ताई म्हणाल्या, "हे बटाट्याचं कोठार आहे. शेजारच्या गाडीला हात लावा बघू. तिच्यावर पण दिवाच आहे."

त्यानं हात लावला नाही. उलट खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं, आणि मग त्याचा आवाज एकदम मवाळ झाला. "ताई, एक विचारू? तुमच्या ह्या वहिनींचे ह्याच गाडीत बारा वाटे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? म्हणजे तुमचा अहवाल तसाही बादच. बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही आधीचाच आकडा ठेवा, मी ही गोष्ट इथेच विसरतो."

ताई आता माझ्याकडे वळल्या. "खरं?"

"खरं."

"बारा?"

"बारा."

"कशाला?"

"खोलीसाठी. शिवणाच्या."

मी म्हटलं, आता संपलं. तीन वर्षांचा विश्वास गेला, पैसे गेले, खोली गेली. मग ताई त्याच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मी इतका थंड कधी ऐकला नव्हता.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "हिचे बारा वाटे आहेत, तेही मी अहवालात लिहिते. ही गप्प बसली असती तर हिला तीन लाख ऐंशी हजार मिळत होते. तरी ही गरम म्हणाली. स्वतःच्या पैशाला स्वतः काडी लावून जी बोलते, तिच्याहून मोठा साक्षीदार तुमच्या सगळ्या कोठारात दाखवा मला."

ताईंनी टेपचं रीळ काढलं. बॉनेटच्या फटीवर, दोन्ही दरवाजांवर, मागच्या झाकणावर पट्ट्या लावल्या आणि प्रत्येक पट्टीवर सही केली. माझीही करायला लावली. "उद्या सकाळी येते. करारात कुठलाही दिवस लिहिलंय. पट्टी फाटलेली दिसली तर तेवढंच लिहीन, पुढचं लोक समजून घेतील."

परतीच्या वाटेवर ताईंनी स्कूटरवर माझं चुकीच्या बाजूनं वळणंसुद्धा काढलं नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणाले असतेच."

"म्हणूनच."

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या. "चार दिवस राहील. चहा टाक." चहा घेताना कप त्यांच्या हातातून निसटायला लागला, मी खालून धरला. त्यांनी धरू दिला. तेव्हा मला कळलं की चार दिवस नाही राहायचा राग.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या शाबूत होत्या. बॉनेटवर मी हात ठेवला. ह्या वेळी ताईंनी नाटक केलं नाही, सरळ शेजारी उभ्या राहिल्या, टायपिनसमोर. "गार," मी म्हणाले. खाली जमिनीवर तेलाचं बशीएवढं थारोळं होतं. किल्ली फिरवली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज निघाला. मी घड्याळ बघत होते. अकरा सेकंद. मागून निळा धूर आला तो त्या गार हवेत तसाच लोंबकळत राहिला. ताई मान तिरकी करून ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, समाधान होतं. वीस वर्षांची त्यांची बाजू खरी ठरली होती. माझे पैसे जात होते आणि मलाही बरं वाटत होतं, हे मी कोणाला पटवू शकलेले नाही.

ताईंनी लिहिलं, 'इंजिन उघडावं लागेल. मूल्य बावन्न लाख.' आणि खाली ते म्हाताऱ्या होणाऱ्या पिढीचं वाक्य, दोनदा.

पैसे आठ महिन्यांनी परत मिळाले, दोन लाख आठ हजार. खोली तोवर एका झेरॉक्सवाल्यानं घेतली होती. नवरा म्हणाला, "ताईंना विचारायचं होतंस." नात्यातल्या एका काकांनी तर घरी येऊन सांगितलं, "घरच्या माणसाचं नुकसान करून कसला आलाय खरेपणा? जरा गप्प बसली असतीस तर?" मी म्हटलं, "काका, मी गप्पच होते. पाऊण तास. तेवढंच मला आयुष्यभर पुरेल." चहा न घेता गेले. कंपनीनं ताईंना पत्र पाठवलं की ज्या मूल्यमापकाला स्वतःच्या हातानं गरम-गार कळत नाही, त्याच्या सहीला अर्थ नाही. टायपिननं डोळे उघडे ठेवले होते म्हणायचे. ते पत्र बाजारभर फिरलं. दोन महिने आम्हाला कोणी बोलावलं नाही.

तिसऱ्या महिन्यात एके सकाळी मी ताईंकडे गेले तर त्या दारात शिडीवर होत्या. एकसष्ट वर्षांच्या, हाताला जाण नसलेल्या बाई, ब्रश दोन्ही हातांनी धरून. मी ओरडणार होते, पण मग आतल्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दुसरी चौकट होती. त्यात तो कागद, आडवी रेघ मारलेला 'गार', शेजारी 'गरम' आणि माझी सही. खालची जागा मोकळी होती आणि चौकटीवर लाल पेन अडकवलेलं. मी काच सरकवली आणि लिहिलं, 'चूक माझी.'

बाहेर आले तेव्हा बोर्ड पुरा झाला होता. वर ताईंचं नाव, खाली 'मूल्यांकन, गाडी गार हवी'. आणि त्याच्या खाली, आधी सरळ आणि मग उतरणीला लागलेल्या अक्षरांत, 'आणि भावजय'.

"वाकडं झालंय का गं?" ताईंनी शिडीवरून विचारलं.

"झालंय."

"राहू दे. हात तुझा, सही दोघींची. ज्याला नको तो जाईल." त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला. "आता ही शिडी धर नीट. उतरताना पायरी हाताला कळत नाही."